अडीच लाख घनमीटर

माझ्या वडिलांनी पाणी चोरलं असं गावानं ठरवलं, तेव्हा तळ्यात चोरण्याइतकं पाणी उरलेलंच नव्हतं.

ऑगस्टचा शेवट होता. आमच्या हर्तोपेनी गावच्या तळ्याचा वरच्या अंगाचा भाग कोरडा पडून भेगाळला होता आणि बांधाखालच्या बागांतले टोमॅटो झाडावरच सुरकुतले होते. गावकार्यालयातल्या कागदावर या तळ्यात चार लाख वीस हजार घनमीटर पाणी मावतं. त्या उन्हाळ्यात बागांना गेलं एक लाख सत्तर हजार. उरलेलं अडीच लाख कुठे गेलं? एकतीस वर्षं झडपेची किल्ली ज्याच्या कमरेला आहे त्याला विचारा, असं गावप्रमुख साव्वा म्हणाला. तो माणूस म्हणजे तळ्याचा पहारेकरी, माझे बाबा, इलारिओन.

बाबा म्हणाले, "गाळ आहे. निम्म्याहून जास्त तळं गाळानं भरलंय. गेली दहा वर्षं सांगतोय."

"गाळ कुणाला दिसत नाही, मोश इलारिओन," साव्वा आजोबांना हाक मारावी तसा म्हणाला. "पाणी गेलेलं सगळ्यांना दिसतं."

सप्टेंबरात किल्ली काढून घेतली. बाबा वाद घालत बसले नाहीत. किल्ली गेल्यानं कमरेचा पट्टा सैल झाला म्हणून त्यांनी त्याला एक नवं भोक पाडलं, एवढंच. फेब्रुवारीत सरपण आणायला म्हणून बाहेर गेले, ओसरीच्या पायरीवर बसले ते परत उठले नाहीत. जमीन गोठलेली होती, खड्डा खणायला चार माणसांना दोन दिवस लागले. मयताच्या जेवणाला गाव आलं. शेजारची तुदोसिया कोबीची पानं गुंडाळून केलेले सारमाले खाता खाता म्हणाली, "पाण्याचं पाप पाण्यासारखंच असतं गं. झिरपत झिरपत येतं."

आईनं विचारलं, "अजून वाढू का तुदोसिया?"

"वाढ ना. दोन."

आईनं चार वाढले.

ठराव तेव्हाच लिहून तयार होता. 'तळ्यातील पाण्याची तूट पहारेकऱ्याच्या गैरकृत्यामुळे झाली.' घरात मयत झालं म्हणून तो पुढे ढकलला, ऑगस्टच्या सभेपर्यंत. एवढं एक वाक्य मंजूर झालं की जिल्ह्याच्या पाणी खात्यातली फाईल बंद होणार होती, आणि गाळाची गोष्ट पुन्हा कुणी काढणार नव्हतं. मी गावची ग्रंथपाल आहे. माणूस गेल्यावर चाळीस वर्षांनी त्याचं काय उरतं ते मला रोज कपाटात दिसतं. जे लिहिलं गेलं तेवढंच उरतं.

एप्रिलमध्ये स्मारांदा आली ती याच कपाटासाठी. सरहद्दीवरच्या प्रुत नदीच्या पलीकडून, शेजारच्या देशातल्या याशच्या विद्यापीठातून. वय असेल तिशीच्या आसपास, बूट चिखलानं माखलेले, पाठीवर संगणकाची पिशवी. दोन्ही काठांवरच्या लहान तळ्यांत गाळ किती साठलाय हे ती उपग्रहाच्या फोटोंवरून मोजत होती. तिला हवा होता आमच्या तळ्याचा मूळ नकाशा, १९७४ चा, सामुदायिक शेतीच्या काळातला. तो माझ्याकडे होता. कडा उंदरांनी खाल्ल्या होत्या, पण उंचीच्या रेषा शाबूत होत्या.

मी तिला जेवायला घरी नेलं. आई चुलीपाशी मक्याच्या पिठाचा मामालिगा घोटत होती.

"वरून गाळ दिसतो होय गं पोरी?" आईनं न वळता विचारलं.

"नाही लेलिका फेव्रोनिया. गाळ नाही दिसत. काठ दिसतो," स्मारांदा मावशीशी बोलावं तशी म्हणाली.

"कसला काठ?"

"पाण्याचा. दर पाच दिवसांनी उपग्रह वरून जातो आणि फोटो काढतो. उन्हाळ्यात पाणी उतरतं तसा काठ आत आत सरकतो. ते सगळे काठ एकावर एक ठेवले की तळं आतून केवढं उरलंय ते कळतं. मग जुना नकाशा शेजारी ठेवायचा. जेवढं कमी भरलं, तेवढा गाळ."

आईनं कढई उपडी केली. पिवळाधमक गोळा फळीवर आला आणि कढईच्या तळाला जाड खरवड राहिली. तिनं ती खरवड पळीनं वाजवून दाखवली. "म्हणजे ही."

"अगदी हीच," स्मारांदा हसली. "पण माझी एक अडचण आहे. फोटोत लांबीरुंदी दिसते, उंची दिसत नाही. कुठल्या दिवशी पाणी किती उतरलं होतं हे कुणीतरी खाली उभं राहून लिहिलेलं पाहिजे. ते कुठल्याच गावात सापडत नाही."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग आतल्या खोलीत गेली.

बांधाच्या आतल्या उतारावर काँक्रीटच्या चोवीस पायऱ्या आहेत. पातळी मोजायची रंगवलेली लोखंडी पट्टी नव्वद सालानंतर कुणीतरी भंगारात विकली. तेव्हापासून बाबा पाण्याबाहेर आलेल्या पायऱ्या मोजायचे आणि शाळेच्या चौकटीच्या वहीत लिहायचे. 'संत पेत्रु, ७. संत इलिए, ११ आणि अर्धी. संत मारिया, १७.' तारखा नव्हत्या. बागांच्या पाळ्या सणांवर ठरायच्या, झडप संत जॉर्जला उघडायची आणि संत दुमित्रुला बंद व्हायची, मग वही तरी दुसऱ्या कशावर चालणार.

"ही परत मिळणार ना?" आईनं वही छातीशी धरूनच विचारलं.

"मी फक्त फोटो काढते. तुमच्या समोर."

आईनं एकेक पान स्वतः उलटलं. तिच्या अंगठ्याला मामालिगाचं पीठ होतं. प्रत्येक पान उलटून झालं की ती अंगठा पदराला पुसायची.

ठरावाचं मी स्मारांदाला त्याच दिवशी सांगितलं. ती म्हणाली, "आकडे जे सांगतील तेच मी लिहीन." मी म्हणाले, "मला तेवढंच हवंय."

मेमध्ये आम्ही टोमॅटोची रोपं लावली, सहाशे. बाबा असताना हजार लावायचो. जूनमध्ये पाऊस दोनदा आला. दोन्ही वेळा तो उतारावरून काळा होऊन खाली आला. वरचा सगळा उतार वालेरियानकडे आहे, सहाशे हेक्टर. त्याचे ट्रॅक्टर डोंगर चढत-उतरत नांगरतात. आडवं नांगरलं तर वळणं जास्त पडतात आणि डिझेल जास्त जातं. तळ्याच्या डोक्याशी बाभळीसारख्या काटेरी झाडांचा जुना पट्टा होता, माती अडवणारा. तोही त्यानं तोडून द्राक्षांचे खांब केले. बाबा त्याला सांगायला गेले होते तेव्हा त्यानं त्यांना वाइन पाजली, पाठ थोपटली आणि परत पाठवलं.

नव्या पहारेकऱ्यानं आमच्या बागेची पाळी शेवटची लावली. आमच्यापर्यंत पाणी यायचं तेव्हा पाटात बोटभर ओल असायची. मग आम्ही विहिरीवरून बादल्या आणल्या. सकाळी चाळीस, संध्याकाळी चाळीस. आईचं वय एकाहत्तर. वाकून वाकून तिची कंबर सरळ होईनाशी झाली, पण बादली रोपाशी ओतताना ती एक थेंब बाहेर जाऊ द्यायची नाही. विहिरीवर तुदोसिया असली की म्हणायची, "मोजून घे हं फेव्रोनिया. तुमच्या घरात पाणी मोजायची सवय नाही."

"आहे की," आई म्हणायची. "तुझं बोलणंसुद्धा मोजतेय."

जुलैच्या पहिल्या आठवड्यात गावकार्यालयात स्मारांदाचा अहवाल आला. साव्वानं मला बोलावलं नाही. दुकानात, पावाच्या रांगेत गाठलं आणि खिशातून कागद काढून सगळ्यांसमोर वाचला. "'आठ उन्हाळ्यांच्या प्रतिमा आणि स्थानिक पातळीच्या नोंदी पाहता गाळ तीस हजार घनमीटरच्या आत आहे.' तीस हजार! ऐकलंत?" मग माझ्याकडे वळला. "तुझ्याच बाबाची वही युस्तिना, आणि वरून आकाशातून बघितलेलं. आता काय देवाची सही आणू?"

कुणीतरी हसलं. दुकानदारीण माझा पाव कागदात गुंडाळत होती. तिनं तो गुंडाळणं मध्येच थांबवलं आणि तसाच उघडा माझ्या हातात दिला.

घरी आईला सांगितलं. ती लसणाच्या वेण्या घालत होती.

"म्हणजे वही खोटी का आकाश खोटं?"

"माहीत नाही आई."

"मला माहीत आहे." तिनं वेणी खाली ठेवली. "एकतीस वर्षं मी त्या माणसाचे चिखलाचे मोजे धुतलेत. चल."

गोठ्याच्या आढ्याला बाबांच्या दोन काठ्या होत्या. एकीच्या टोकाला पत्र्याचं झाकण ठोकलेलं. ती पाण्यात सोडली की गाळाच्या पृष्ठावर टेकते, आत जात नाही. दुसरी बारीक, टोकाला लोखंड. ती गाळातून दाबत न्यायची, खालची घट्ट चिकणमाती लागेपर्यंत. दोन्हींतलं अंतर म्हणजे गाळ. बाबा हे करायचे तेव्हा लोक म्हणायचे, म्हातारा तळ्याला ताप बघतोय.

होडी गळकी होती. मी वल्हवायचे आणि आई डब्यानं पाणी उपसायची. बांधाजवळ गाळ एक मीटर निघाला, मध्यावर दीड. वरच्या अंगाला होडी जाईना, तेव्हा मी खाली उतरले. पहिल्या पावलाला घोट्यापर्यंत गेले, दुसऱ्याला गुडघ्यापर्यंत, पाचव्याला मांडीपर्यंत. चिखल वर कोमट आणि खाली थंडगार होता. काठीवर सगळा भार टाकला तेव्हा ती सरकत सरकत दोन मीटर दहा सेंटीमीटरपर्यंत गेली आणि मग ठक्क करून थांबली. तो आवाज मला हातात ऐकू आला. पाय काढताना एक बूट आतच राहिला.

काठावरून तुदोसियानं हाक मारली. "काय शोधताय गं? पुरलेला खजिना?"

"तुझी अक्कल!" आई होडीतून ओरडली. "सापडली तर आणून देते!"

चौदा जागा मोजल्या. दोन दिवस लागले. आईनं आकडे वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले, बाबांच्या अक्षराला लागून. तिचं अक्षर त्यांच्यापेक्षा मोठं आहे. मी सगळ्यांची सरासरी काढून तळ्याच्या क्षेत्रफळानं गुणली. दोन लाख एक्कावन्न हजार.

रात्रीपर्यंत न थांबता तेव्हाच, ओल्या पायांनी, स्मारांदाला लिहिलं. 'चौदा ठिकाणी काठी रोवली. तुमचा अहवाल काठीला माहीत नाही.' एवढंच. माझ्या मनात याहून बरंच होतं, पण ते लिहिण्यासारखं नव्हतं.

तिचा फोन आला. आवाज थकलेला होता. "मी पुन्हा पाहिलं. वहीतली पातळी आणि फोटोतलं पाणी जुळत नाही असं नाही, जुळतं. पण जुळतं ते जुन्या नकाशाशी. जणू पन्नास वर्षांत तळ्यात काहीच पडलं नाही. आठांपैकी दोन वर्षांत तर तळं वाढलेलं दिसतं."

"तळी वाढतात का?"

"नाही. म्हणून तर मी येतेय."

ती वीस जुलैला आली. दुपार होती, अंगणात आंबट चेरीचा रस उकळत होता आणि गांधीलमाश्या घोंगावत होत्या. तिच्या हातात टोपली होती, वर पांढरा रुमाल. तिनं ती आईपुढे धरली आणि मान खाली घालून म्हणाली, "आधी हे घ्या लेलिका. मोश इलारिओनच्या नावानं. मग मला काय बोलायचं ते बोला."

रुमालाखाली सफरचंदं होती. लहान, हिरवट, पहिल्या तोडणीची. शेजारी मधाचं पोळं.

आईनं हात मागे घेतले. "हे काय?"

"सफरचंदं. माझ्या आजीच्या बागेतली. आज मेलेल्यांच्या नावानं देतात ना, म्हणून…"

"आज?" आईचा चेहरा असा झाला की मी उठून उभी राहिले. "अगं, इलिएच्या आधी सफरचंद? माझ्या दारात? इलिए येईपर्यंत झाडाला हात लावत नाहीत, तोंडाला लावणं सोड. यंदाच माणूस गेलंय आमच्या घरातलं."

"पण आज इलिएच आहे लेलिका."

"कोणाच्या घरी?"

"कोणाच्या म्हणजे… आज वीस जुलै."

"इलिए दोन ऑगस्टला असतो," आई म्हणाली. लहान मुलाला सांगावं तसं. "गावाची जत्रा असते त्या दिवशी. तेरा दिवस बाकी आहेत. तुमच्याकडे तो घाईनं येतो ते मला माहीत आहे. आमच्याकडे संत अजून जुन्या पंचांगानं चालतात, पायी."

चेरीचा रस उतू गेला. कुणी भांडं उतरवलं नाही.

स्मारांदानं टोपली खाली ठेवली, पायरीवर बसली आणि पिशवीतून संगणक काढला. तिनं तक्ता उघडला. डाव्या बाजूला बाबांचे सण, उजव्या बाजूला तिनं लावलेल्या तारखा. संत पेत्रु, २९ जून. संत इलिए, २० जुलै. संत मारिया, १५ ऑगस्ट. आठही वर्षं तशीच. सगळे संत प्रुतच्या पलीकडचे.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "तुम्ही नाताळ सात जानेवारीला करता, ते मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. पण तारखा भरताना हात आपोआप… माझा इलिए वीसलाच असतो हो."

"झडप पूर्ण उघडी असते तेव्हा तेरा दिवसांत तीन पायऱ्या उतरतात," मी म्हणाले. वही माझ्या मांडीवर होती.

"म्हणजे साडेअकरा पायऱ्या उघड्या असताना मी साडेआठ पायऱ्यांच्या दिवसाचा फोटो लावला. त्यात पाणी जास्त दिसणारच. तळं मोठं दिसणारच. गाळ नाहीच असं दिसणारच." तिनं तोंडावर हात ठेवला. "मला माफ करा."

त्या दोन आठवड्यांत गावात काय बोललं गेलं ते मी तिला सांगणार नव्हते. आईनं सांगितलं. दुकानातलं, विहिरीवरचं, चर्चच्या पायऱ्यांवरचं, एकेक वाक्य, म्हणणाऱ्याच्या नावासकट. स्मारांदा ऐकत राहिली, मान वर न करता. मग आई म्हणाली, "झालं. आता जेव आणि परत मोज."

तिनं आधी मोजलं. ओसरीतच, उन्हाचा पट्टा तिच्या गुडघ्यावरून भिंतीवर जाईपर्यंत. एकेक तारीख तेरा दिवस पुढे सरकवली, एकेक फोटो बदलला. पडद्यावर तळ्याचे काठ निळ्या रेषांनी एकात एक बसत गेले, जसे कांद्याचे पापुद्रे. जुन्या नकाशाच्या रेषा लाल होत्या. निळ्या रेषा त्यांच्या आत, कितीतरी आत पडल्या, आणि आठही वर्षांच्या एकमेकींवर बसल्या. डोक्याच्या अंगाला दोन्हींमध्ये एवढी जागा राहिली की तिथे बोट ठेवून मी विचारलं, "हे काय?"

"हा गाळ," ती म्हणाली. "दोन लाख चव्वेचाळीस हजार. पंधरा हजार इकडे तिकडे."

काठ्यांनी दोन लाख एक्कावन्न सांगितलं होतं. साव्वा विचारत होता ते पाणी अडीच लाख. तीन वाटांनी जाऊन माणूस एकाच दारात यावा तसं झालं. आईनं आकडा मोठ्यानं म्हणायला लावला. मी म्हटला. मग ती उठली, जळालेल्या रसाचं भांडं घासायला घेतलं, आणि बराच वेळ घासत राहिली.

सभा ऑगस्टच्या चौदाला होती, शाळेच्या सभागृहात. नऊ सभासद टेबलामागे, गाव बाकांवर. मुलांच्या बाकांवर म्हातारे गुडघे वर करून बसले होते. वालेरियान दुसऱ्या रांगेत पाय पसरून, पांढऱ्या शर्टात. साव्वानं ठराव वाचला आणि म्हणाला, "जुना विषय आहे. संपवून टाकू."

स्मारांदा पहाटेच्या बसनं आली होती. ती उभी राहिली. "चूक माझी झाली. वहीतल्या सणांना मी माझ्या पंचांगाच्या तारखा लावल्या. मोश इलारिओनच्या नोंदींत चूक नाही. मी सतरा तळी मोजली, इतक्या नेटक्या नोंदी कुठेच मिळाल्या नाहीत." मग तिनं भिंतीवर निळ्या आणि लाल रेषा दाखवल्या.

साव्वानं टाळ्या वाजवल्या. दोनच. "छान. महिन्यापूर्वी तीस हजार, आज दोन लाख चव्वेचाळीस. आज तेरा दिवसांची चूक निघाली, उद्या तेरा वर्षांची निघेल. बाईसाहेब, तुमचा उपग्रह पितो का हो?"

सभागृह हसलं. स्मारांदा लाल झाली. मी उठले. मला गर्दीत बोलायची सवय नाही. ग्रंथालयात माणूस हळू बोलतो.

"मी एकच विचारते," मी म्हणाले. "गेल्या वर्षी जत्रेला, इलिएच्या दिवशी, पाणी कुठपर्यंत होतं? पंचांग राहू द्या. तुम्ही सगळे तिथे होता."

स्मारांदानं भिंतीवर गेल्या वर्षीचे दोन फोटो लावले. वीस जुलैच्या फोटोत पाणी काठावरच्या विलोच्या झाडांना टेकलेलं. दोन ऑगस्टच्या फोटोत विलोपासून आत, पार पंपघरापर्यंत सगळी फिकी जमीन.

साव्वानं कागद सारखे केले आणि तोंड उघडलं, तेवढ्यात मागून तुदोसिया उभी राहिली.

"पंपघरापर्यंत," ती म्हणाली. "माझ्या जावयाची गाडी रुतली होती तिथं. विलोच्या पुढे. सुकलंय समजून घातली त्यानं, चाकं गेली आत. इलारिओननं घोडा लावून काढली." ती थांबली. "चिखल दारापर्यंत आला होता गाडीच्या. दारापर्यंत. मला तेव्हा… बरं, मी काय म्हणत होते, दुसरा फोटो खरा आहे." आणि बसली. बसताना माझ्या आईकडे बघितलं नाही.

मग आवाज सुरू झाले. माझं वासरू तिथेच रुतलं होतं. आमची पोरं पलीकडून चालत आली जत्रेला. साव्वानं टेबलावर हात आपटला. "ठीक आहे! दुरुस्ती करू. पहारेकऱ्याचं वाक्य काढू. 'तूट नैसर्गिक कारणांमुळे झाली.' मेलेल्याला शांती, जिवंतांना शांती. चालेल?"

लोक उठायला लागले होते.

"नाही चालणार," मी म्हणाले.

"आता काय?"

"नैसर्गिक नाही. दोन लाख चव्वेचाळीस हजार घनमीटर माती स्वतःच्या पायांनी चालत आलेली नाही. उतारावरून उभं नांगरल्यामुळे आली. झाडांचा पट्टा तोडल्यामुळे आली. आकडा लिहा, आणि ती कुठून आली ते लिहा."

आता सगळे वालेरियानकडे बघत होते. त्याला त्याचं काही वाटलं नाही. तो हसतच उभा राहिला, शर्टाच्या बाह्या दुमडत. "म्हणजे माझी माती तुमच्या तळ्यात जाऊन बसलीय आणि वर माझ्यावरच ओरडा! अहो, चोरी तर माझी झाली. माझी आहे म्हणता ना? मग आणून द्या परत. मी कुठे नाही म्हणतोय?"

या वेळी हसू मोठं होतं. साव्वाही हसला. ते हसू ओसरायच्या आत आई उठली. एका हातानं पुढचा बाक धरून, कंबर जेवढी सरळ होईल तेवढी सरळ करून.

"सकाळी किती वाजता उठतोस रे वालेरियान?"

"सहाला," तो हसत म्हणाला. "का हो?"

"काही नाही," आई म्हणाली आणि बसली.

मतं घेतली. पहारेकऱ्याचं वाक्य नऊच्या नऊ हातांनी काढलं. गाळाचा आकडा लिहायला सात हात वर झाले. ती माती कुठून आली हे लिहायला चार. नऊपैकी चार. साव्वानं सचिवाला सांगितलं, पुढे घ्या. मी मात्र बसले नाही. सचिवानं मंजूर झालेलं वाक्य मोठ्यानं वाचून दाखवेपर्यंत उभी राहिले. 'इलारिओन चेबोतारु यांच्या नोंदी अचूक असल्याचे आढळले.' तो घाईनं वाचत होता. मी म्हणाले, सावकाश. त्यानं पुन्हा वाचलं, सावकाश.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आईनं घोडा गाडीला जुंपला. तळ्याचा वरचा भाग याही वर्षी उघडा पडला होता. वरची साल तडकलेली, खाली काळी, लोण्यासारखी ओली माती. आम्ही दोघींनी ती खोऱ्यानं कापून भरली. पहिल्या पंधरा मिनिटांत माझ्या तळहातांची सालं निघाली. मातीला वास होता, पावसात भिजलेल्या शेताचा. सडका नव्हता. ही शेताचीच माती होती, वरच्या उताराची चांगली काळी कातडी.

गाडी अर्धी भरली तेव्हा मागे चाकाची करकर ऐकू आली. तुदोसिया एकचाकी गाडा ढकलत येत होती, डोक्याला फडकं बांधून.

"मला बोलवायला जमलं नाही होय?" ती म्हणाली.

"तुझं घर काय लांब आहे?" आई म्हणाली. "हो बाजूला, तिथं खोल आहे. जावयाची गाडी आठवते ना."

तुदोसियानं खोरं मारलं. तिच्या मागोमाग अजून दोघी आल्या, मग दुकानदारीण, मग एक घोडागाडी.

सहाच्या सुमाराला आम्ही वालेरियानच्या फाटकापाशी होतो. लोखंडी, उंच, हिरवं फाटक. कुत्रा भुंकायला लागला. वालेरियान चपला फटफटवत बाहेर आला, गालाला साबणाचा फेस.

"हे काय?"

"तुझी माती," आई म्हणाली. "कुठे टाकू?"

"अहो लेलिका, मी गंमत केली होती काल!"

"माझा नवरा दहा वर्षं हेच सांगत होता. तेव्हाही तुला गंमतच वाटली."

त्यानं आमच्या मागे पाहिलं. रस्त्यावर दोन गाड्या, पाच एकचाकी गाडे आणि अकरा बायका उभ्या होत्या, कोपरापर्यंत काळ्या. फेस त्याच्या हनुवटीवरून शर्टावर गळला. "किती आणणार आहात तुम्ही?"

"अडीच लाख घनमीटर आहे," मी म्हणाले.

आईनं गाडीची मागची फळी खाली पाडली. माती एकदम, जड आवाज करून, त्याच्या अंगणातल्या फरशीवर घसरली आणि त्याच्या चपलांपर्यंत आली. आईनं घोड्याचा लगाम धरून गाडी वळवली.

"घोडा म्हातारा आहे," ती मागे न बघता म्हणाली. "वेळ लागेल. फाटक उघडंच ठेव."